कंट्रोलने आखलेली वाट

माझी बायको तातडीच्या फोनवर बसते. कुणाचं डोकं फुटलं, कुणी जिन्यावरून पडलं, कुणाच्या छातीत कळ आली, की लोक घाबरून जो नंबर फिरवतात तो तिच्या टेबलावर वाजतो. पत्ता विचारायचा, अॅम्ब्युलन्स धाडायची, आणि ती पोचेपर्यंत पलीकडच्या माणसाला धरून ठेवायचं, काय करायचं ते एकेका वाक्यात सांगत राहायचं, हे तिचं काम. अठरा वर्षं करतेय. त्या खोलीला कंट्रोल रूम म्हणतात, म्हणून मी तिला कंट्रोल म्हणतो. दुसरंही एक कारण आहे, पण ते आमच्या घरी आलेल्या कुणालाही पाच मिनिटांत कळतं.

आमच्या घरात गेल्या सतरा वर्षांत कुणी अख्खं द्राक्ष खाल्लेलं नाही. ती उभी चिरून बशीत येतात. मोजे घालून जिना उतरायला बंदी आहे. बाथरूमची कडी लावायची नाही, दार नुसतं लोटायचं आणि आत गाणं म्हणत राहायचं, म्हणजे माणूस शुद्धीवर आहे हे बाहेर कळतं. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिला गाणी येत नाहीत. ती साबणाच्या वेष्टनावरचा मजकूर वाचते. तशी तिला दिसेल ते मोठ्याने वाचायची खोडच आहे. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, बसमध्ये पुढच्या माणसाच्या हातातलं वर्तमानपत्र. चष्मा माझ्याच हातचा आहे, त्यामुळे बारीक अक्षरही सुटत नाही.

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतो. माझ्या कामात घाबरण्यासारखं काही नाही. काच फुटली तर दुसरी. म्हणूनच असेल, कंट्रोलच्या भीतीची मी इतकी वर्षं यथेच्छ टिंगल केली. ती चिडायची, मी हसायचो, आणि द्राक्षं चिरलेलीच खायचो.

तिची एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नव्हती. तुम्हाआम्हाला शहर दिसतं, तिला पत्ते दिसतात. घड्याळाचा मनोरा म्हणजे ‘पायऱ्या, कंबर, दोनदा’. नाट्यगृह म्हणजे ‘बाल्कनी, मुलगा, पाच वर्षांचा’. यातल्या बऱ्याच जागा तिने डोळ्यांनी पाहिलेल्याही नव्हत्या. तिने त्या फक्त ऐकल्या होत्या, आणि त्यांच्या सगळ्यांत वाईट घटकेला ऐकल्या होत्या. अशा आईच्या हाताखाली आमची मुलगी वाढली. तिला आम्ही बारकी म्हणतो, जरी ती आता माझ्या कानाला लागते.

तर या बारकीने परस्पर अर्ज करून दुसऱ्या गावच्या कॉलेजात जागा मिळवली. जमिनीची मोजणी आणि नकाशे शिकवणारं कॉलेज. पत्र आलं त्या दिवशी कंट्रोलने तिला जवळ घेतलं, गोड केलं, शेजारी सांगून आली. मग पत्रासोबतचा हॉस्टेलचा फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली लावला, आणि तो तीन आठवडे तिथेच राहिला. नाव, पत्ता, रक्तगट, सगळं तिने सुवाच्य अक्षरात भरलं होतं. दोनच जागा कोऱ्या. खाली पालकांची सही, आणि तिच्या वरचा रकाना, ‘आणीबाणीच्या वेळी संपर्क’.

“मी करू का सही?” मी एकदा विचारलं.

“नको. मी करणार आहे.”

“कधी?”

“करतेय ना!”

शनिवारी दुपारी दोनच्या आत फॉर्म टपालात पडला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार होती. सोमवारी सकाळी मी पाणी प्यायला गेलो तर कंट्रोल फ्रिजसमोर पेन घेऊन उभी. पेनचं टोपण दातांत.

“हा रकाना कशासाठी असतो, माहितीये तुम्हाला?” माझ्याकडे न बघता तिने विचारलं. “अॅम्ब्युलन्सची पोरं खिसे तपासतात, कार्ड काढतात आणि नंबर आम्हाला देतात. आम्ही लावतो. पलीकडून कुणीतरी हॅलो म्हणतं. साधंच हॅलो. भाजी चिरत असतील, टीव्ही बघत असतील. त्यानंतर ते माणूस तसं हॅलो पुन्हा म्हणत नाही हो.”

यावर थट्टा सुचत होती. मी ती गिळली आणि पाणी प्यायलो.

त्याच दिवशी जेवताना बारकीने विषय काढला. “मला जायच्या आधी एक दिवस हवाय. आपण चौघांनी शहर चालत बघायचं. सकाळी निघायचं, आणि जेवायला घंटावाल्याकडे.”

घंटावाल्याचं खरं नाव पाटीवर आहे, पण ते कुणी घेत नाही. तिथे कायम रांग असते. गल्ल्यावर पितळी घंटा आहे, टेबल मोकळं झालं की घंटा वाजवतात आणि तुमचा आकडा पुकारतात. बारकीच्या वर्गातली सगळी मुलं तिथे जाऊन आली होती. आम्ही कधीच नाही. दर वेळी कंट्रोलला काहीतरी आडवं यायचं.

“फिरू या की,” कंट्रोल म्हणाली. “पण तिथे नको. गर्दी असते.”

“गर्दी असते म्हणूनच जायचं ना आई! चांगलं असतं म्हणून गर्दी असते.”

“दुसरीकडे जाऊ.”

बारकीने घास ताटात ठेवला. “आई, मी नकाशे शिकायला चाललेय आणि मला माझ्या गावात घर ते बसस्टॉप, बसस्टॉप ते शाळा एवढंच येतं. बरं, राहू दे. कुठेच नको. फॉर्मही राहू दे. तुला तेच हवंय.”

शेवटचं वाक्य जोरात म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती ते शांतपणे म्हणाली आणि ताट घेऊन उठली. माझ्या आईने लोणच्याच्या बरणीवरची तारीख मोठ्याने वाचली.

दोन दिवस घरात तोंडाला कुलूप. बुधवारी मी दुकानातून लवकर आलो, तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर शहराचा नकाशा पसरलेला, आणि कंट्रोल तांबडी पेन्सिल घेऊन त्यावर ओणवी. नकाशा गोवर उठल्यासारखा दिसत होता. प्रत्येक फुली म्हणजे एक फोन. फुल्या टाळून चौघांना, त्यांत काठी टेकत चालणारी माझी आई, जाता येईल अशी वाट ती शोधत होती. एक रेघ निघायची, चार बोटं जायची, फुलीला अडायची. खोडायची, पुन्हा निघायची.

“आता चालायला फक्त तळं उरलं,” मी म्हणालो.

“तळ्यात दोन,” ती म्हणाली.

मी खुर्ची ओढून बसलो. “आणि घंटावाल्याकडे किती?”

ती पेन्सिलचं टोक बघायला लागली. “एकच,” म्हणाली. आणि मग, कामावरचं घरी बोलायचं नाही हा अठरा वर्षांचा नियम मोडून, तिने मला सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी, भर दुपारी, एका माणसाचा फोन आला. बाबा पडलेत, उठत नाहीत, श्वास घेत नाहीत. तिने त्याला बाबांना पाठीवर झोपवायला लावलं, छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून दाबायला लावलं, मोठ्याने मोजायला लावलं. त्याने मोजलं. दर वेळी सतरानंतर तो एकदम एकोणीस म्हणायचा. मागे घंटा वाजत होती. बाहेर बसलेल्या लोकांना काही माहीत नव्हतं, कुणीतरी आपलं टेबल का मिळत नाही म्हणून घंटा बडवत होतं. तो माणूस रडायला लागला, हात थांबले. तेव्हा ती कागदावर नसलेलं एक वाक्य बोलली, “आधी मोजा, घाबरायचं नंतर.” त्यावरून पुढे तिला वरून लेखी ताकीदही मिळाली, ठरलेल्या वाक्यांबाहेर बोलल्याबद्दल. पण त्याने पुन्हा मोजायला सुरुवात केली.

“आणि दार,” ती म्हणाली.

“कुठलं दार?”

“कुठल्या दाराने यायचं, हे पहिल्यांदा विचारायचं असतं. पत्त्यानंतर लगेच. मी ते शेवटी विचारलं. गाडी पुढच्या चौकात गेली, गर्दीत अडकली, मग वळसा घालून मागच्या गल्लीत आली. मागचं दार गल्लीतच उघडतं, तिथून आत दहा पावलं. दीड मिनिट गेलं. माझ्यामुळे.”

“मग काय झालं?”

“आले, आले, असं तो म्हणाला आणि फोन ठेवला. पुढचं आम्हाला कळत नाही.”

“पण विचारता आलं असतं ना? गाडीवाल्यांना?”

“आलं असतं.” तिने पेन्सिल खाली ठेवली. “मी विचारलं नाही तोवर तो म्हातारा जिवंत आहे, अहो.”

सतरा वर्षं चिरलेली द्राक्षं खाऊन मी हसत होतो, आणि ही बाई शहरभरच्या अर्धवट राहिलेल्या माणसांना पोटात घेऊन फिरत होती. मला माझी लाज वाटली. तिचा हात धरावा असं वाटलं, तेवढ्यात तिने पेन्सिल पुन्हा उचलली.

तिने सरळ त्या एका फुलीपर्यंत रेघ ओढली. पुढच्या चौकातून नाही, मागच्या गल्लीतून.

“अगं, पण—”

“पुढचं क्रॉसिंग वाईट आहे. आठ महिन्यांत अकरा,” ती म्हणाली. मग आवाज उतरला. “तिथे मी उभी राहू शकले तर सही करीन. नाही राहू शकले तर मला नाही जमायची, आणि तुम्हीही करायची नाही. पोरीला काही सांगू नका.”

म्हणजे पोरीचं सगळं शिक्षण त्या हॉटेलच्या मागच्या दारावर येऊन टांगलं. मला दोन रात्री धड झोप लागली नाही. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी ती वाट एकटा चालून आलो. कुठे खड्डा, कुठे कुत्रं, कुठे आईला टेकायला कट्टा, बघून ठेवलं. कंट्रोलच्या नकळत मी कंट्रोलचंच काम करत होतो. नकाशात दाखवलेल्या एका गल्लीत तर कुणी भिंत घातली होती. संध्याकाळी तिला सांगितलं, “अमुक बोळातून नको, तिथे भिंत आहे म्हणे.” कोण म्हणे, हे तिने विचारलं नाही. रेघ मात्र वळवली.

शनिवारी नऊला निघालो. कंट्रोलच्या खांद्यावर पिशवी, तिच्यात पट्ट्या, साखर, टॉर्च, पाणी आणि चार शिट्ट्या. चौघांच्या गळ्यात एकेक. आईने आपली शिट्टी जिन्यातच वाजवून बघितली आणि तळमजल्यावरच्या बाईंनी दार उघडलं. क्रमही ठरलेला होता. पुढे मी, मग आई आणि बारकी हातात हात घालून, शेवटी कंट्रोल. प्रत्येक वळणावर मागून पुटपुटल्याचा आवाज यायचा, एक, दोन, तीन. आम्हाला मोजत होती.

सकाळी फ्रिजवर फॉर्म नव्हता, हे मी पाहिलं होतं. बारकीने तो पाठीवरच्या पिशवीत टाकला असणार. तिलाही आशा होती तर.

आता त्या शहरदर्शनाचं काय सांगावं! घड्याळाचा मनोरा आम्ही मागून बघितला, जिथे घड्याळच नाही. लायब्ररीचा दर्शनी भाग टाळून आम्ही तिच्या कचऱ्याच्या डब्यांजवळून गेलो. बाजार पार केला तो माल उतरवायच्या बाजूने. ओळीने कपडे वाळत घातलेल्या एका बोळात आईच्या डोक्यावर कुणाची तरी ओली चादर आली.

“वाहने उभी करू नये,” आई वाचत होती. “हवा काढली जाईल. येथे थुंकू नये. अगं, इथे तर थुंकलेत! आत कामगारांशिवाय प्रवेश नाही. बारके, आपण कामगार का गं?”

“आजी, आपण शहराची पाठ बघतोय,” बारकी म्हणाली. मला वाटलं चिडली. पण ती हसत होती. वही काढून प्रत्येक वळण टिपत होती, पावलं मोजत होती. “बाबा, ही वाट कुठल्याच नकाशात नसणार. हिला एकही मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही. आईला हे जमलं कसं?”

मी मागे पाहिलं. कंट्रोलने ऐकलं होतं, पण तिचा चेहरा हलला नाही. ओठ तेवढे हलत होते. एक, दोन, तीन.

टपाल कचेरीच्या मागे आईला कट्ट्यावर बसवलं. साखर-पाणी झालं. साडेअकरा वाजले होते. त्या कचेरीच्या खिडक्यांकडे मी बघायचं टाळलं. बारकीही टाळत होती.

आम्ही शेवटच्या गल्लीत वळलो आणि घंटा वाजली.

माझ्या मागचं पुटपुटणं थांबलं. वळून पाहिलं, तर कंट्रोलने भिंतीला हात लावला होता. ओठ पांढरे. अठरा वर्षांत मी तिला भीतीच्या गोष्टी करताना हजारदा ऐकलं, पण घाबरलेली कधी पाहिली नव्हती. दोन्हींत फार फरक आहे, हे मला त्या गल्लीत कळलं.

“आई?” बारकी धावली.

“काही नाही. चला.”

“परत जाऊ या का?” मी हळूच विचारलं.

“चला म्हटलं ना.”

मागचं दार उघडंच होतं. आत एक अरुंद बोळ, एका बाजूला बटाट्यांची पोती, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराची जाळी, तिच्यातून वाफ आणि भाजलेल्या पावाचा वास. एप्रन घातलेल्या एका बाईने आम्हाला अडवलं. “इकडून नाही हो, पुढच्या दाराने या. आकडा घ्यावा लागतो.”

“माझे पाय संपले,” आईने जाहीर केलं आणि दारालगतच्या स्टुलावर ती बसूनही गेली. तिला उठवणं आता कुणाच्या हातात नव्हतं. बाई पुढे सांगायला गेली. आईच्या डोक्यावर भिंतीला जुना फोन होता, आणि फोनशेजारी प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद, हाताने लिहिलेला. आईने चष्मा सारखा केला.

“एक. पाठीवर झोपवा. दोन. छातीच्या मधोमध दोन्ही हात. तीन. जोरात दाबा, मोडेल म्हणून भिऊ नका.” आई दम घेऊन वाचत होती. “चार. मोठ्याने मोजा, मला ऐकू आलं पाहिजे. आता घ्या! मला म्हणजे कुणाला? ते लिहिलंच नाही.”

“मला,” कंट्रोल म्हणाली.

ती दारातच उभी होती. आईला काही कळलं नाही, तिने पुढे वाचायला घेतलं. “पाच. चुकलात तरी चालेल, थांबू नका. सहा. आधी मोजा, घाबरायचं नंतर...”

बारकी माझ्याकडे बघायला लागली. मी तिचा दंड धरला.

“आजी, ते गिऱ्हाइकांसाठी नाही हो,” पुढून एक माणूस येत म्हणाला. चाळिशीचा, बाह्या दुमडलेल्या, कानावर पेन. “ते आमच्या लोकांसाठी लावलंय. कुणाला काही झालं तर. या, तुमच्यासाठी टेबल बघतो.”

त्याचा आवाज ऐकून कंट्रोलने डोळे मिटले. मग उघडले.

“तुम्ही अठरा विसरत होतात,” ती म्हणाली.

तो माणूस होता तिथे थांबला. हात कानावरच्या पेनकडे गेला आणि तसाच राहिला. तिला त्याने कधी पाहिलं नव्हतं. पण तो तिचं तोंड बघतच नव्हता, मान कलती करून ऐकत होता.

“बाई,” तो म्हणाला. “तुम्ही त्या बाई.”

“हो.” आणि मग तिने तीन वर्षं न विचारलेलं विचारलं. “पुढे काय झालं?”

माझ्या हातात बारकीचा दंड होता, तो मी किती जोरात दाबला हे मला नंतर तिने दाखवलं.

“हॉस्पिटलात नेईपर्यंत श्वास आला होता,” तो म्हणाला. “तीन दिवस होते बाबा. भाऊ लांब असतो माझा, तो येऊन पोचला. बोलले त्याच्याशी. मला म्हणाले, बरगड्या मोडल्यास की रे माझ्या.” तो हसायला गेला, जमलं नाही. “तिसऱ्या दिवशी सकाळी गेले.”

कंट्रोलने मान हलवली. एकदा, दोनदा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. तिचा म्हातारा गेला होता. तीन वर्षं जपलेला म्हातारा त्या बटाट्यांच्या पोत्यांशेजारी गेला, आणि ती उभी होती. पडली नाही, बसलीही नाही.

“हे सगळं मी घरी येऊन लिहून काढलं,” तो म्हणाला. “तुम्ही बोलला होतात तसंच. शब्दही बदलला नाही.”

“बदलायला हवा.” तिचा आवाज एकदम कामावरचा झाला. आईला बाजूला वाकायला लावून तिने कागदावर बोट ठेवलं. “हे आठवं. ‘दार कोणतं? माणूस दारात उभा करा.’ हे पहिलं पाहिजे. मी तुम्हाला शेवटी सांगितलं. गाडी पुढच्या चौकात अडकली, दीड मिनिट गेलं. चूक माझी होती.”

स्वयंपाकघरात कुणीतरी झाकण टाकलं. मला वाटलं, आता हा काय म्हणतो. मिनिटाने काय होतं, असं म्हणाला असता तर ते खोटं वाटलं असतं, आणि रागावला असता तरी त्याला कोण काय म्हणणार होतं?

“ते मला माहीत नव्हतं,” तो शेवटी म्हणाला. कानावरचं पेन काढून त्याने तिच्यापुढे धरलं. “करा दुरुस्त.”

तिने प्लॅस्टिकमधून कागद काढला, भिंतीवर धरला, आठवी ओळ खोडली आणि सगळ्यांत वर लिहिली. आकडे बदलले. आई मान वर करून म्हणाली, “अक्षर छान आहे गं तुझं, मी नेहमी म्हणते.” मग कंट्रोल वळली. पेन अजून हातातच होतं.

“फॉर्म आण.”

“कुठला?” बारकीने विचारलं.

“सकाळी फ्रिजवर दिसला नाही. आण इकडे. दोनला कचेरी बंद होते.”

फोनच्या डब्याखाली फळी होती, तिच्यावर तिने फॉर्म ठेवला. सही आधी केली, एका झटक्यात. मग वरच्या रकान्यावर पेन टेकलं आणि थांबलं. आम्ही सगळे बघत होतो, तो माणूसही. पुढे घंटा वाजली, कुठला तरी आकडा पुकारला गेला.

“तुमचा लिहिते,” ती मला म्हणाली.

“माझा?”

“ड्यूटीवर माझा फोन लॉकरमध्ये असतो. आणि...” तिने लिहायला सुरुवात केली होती. “त्या वेळी काय बोलतात ते मला पाठ आहे. पहिल्या शब्दाला मला कळेल. तुम्ही निदान हॅलो तरी धड म्हणाल.”

माझा नंबर तिने सुवाच्य लिहिला. दोनदा तपासला.

जेवण चांगलं होतं म्हणे. सूप, पाव, भाजलेलं काहीतरी, शेवटी कस्टर्ड. बारकी बोलत होती, आई मेनूकार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवत होती, आणि कस्टर्डवरचं द्राक्ष आलं तसं, अख्खं, कंट्रोलने तोंडात टाकलं. मला चव आठवत नाही. मी टेबलाखाली फोनचा आवाज वाढवत होतो.

बारकीला जाऊन आता पाच महिने झाले. कंट्रोल बरी आहे. बारकीने आमच्या वाटेचा नकाशा काढून पाठवला, तो तिने फ्रिजवर चुंबकाखाली लावलाय. बाथरूमची कडीही ती हल्ली आईला लावू देते. दुकानात मात्र मालकांनी मला दोनदा हटकलं, कारण मी फोन घासायच्या चाकाशेजारीच ठेवतो, तोंड वर करून. अनोळखी नंबर आला की हातातली काच सुटते. आत्तापर्यंत तीन फुटल्या. दोनदा बँकेचा फोन होता, एकदा बारकीच, मैत्रिणीच्या फोनवरून, वरण कसं करायचं ते विचारायला. हे घरी सांगितलं तेव्हा मला वाटलं कंट्रोल पोट धरून हसेल. इतक्या वर्षांचं उट्टं काढायची संधी होती. ती हसली नाही. माझ्या ताटात चिरलेली द्राक्षं वाढत म्हणाली, “वाजला की आधी मोजा. तीनपर्यंत. मग उचला.”

मी मोजतो.